युनियन जॅकमधला वेल्सचा अनुशेष

ब्रिटनचा ध्वज समोर ठेवा आणि त्यात वेल्स शोधा. सापडणार नाही. लाल उभा-आडवा क्रॉस इंग्लंडचा, निळ्यावरची पांढरी फुली स्कॉटलंडची, त्या फुलीच्या पोटात बसवलेली लाल फुली आयर्लंडची. १६०६ साली राजा जेम्सनं इंग्लंड आणि स्कॉटलंडचे ध्वज एकावर एक ठेवून नवा ध्वज काढला, तेव्हा वेल्स इंग्लंडमध्येच धरला जात होता. हेन्री आठव्याच्या काळातल्या कायद्यांनी तो आधीच आत घेतलेला होता. १ जानेवारी १८०१ ला आयर्लंडची फुली आली, तेव्हाही वेल्सची आठवण कुणाला झाली नाही. आधीच आत असलेल्याला वेगळं मोजत नाहीत, ही गोष्ट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आपला वाटा १९५३ च्या नागपूर करारात निदान कागदावर तरी आला. वेल्सचा ध्वजात तेवढाही आला नाही.

अनेक राष्ट्रांच्या, प्रांतांच्या संघाचा ध्वज आखताना वाटा न्याय्य कसा द्यायचा, हा प्रश्न भावनेचा आहे तेवढाच फूटपट्टीचाही आहे. इतिहास आणि चित्रकला एकत्र शिकवायची असेल तर शाळा-कॉलेजात याच्याइतका चांगला विषय नाही. आलेख कागद, कंपास, गुण्या, कोनमापक, घोटीव कागद एवढ्यावर काम भागतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवावी. तिरंग्यावर प्रयोग करायचे नाहीत. त्याची मापं, रंग आणि वापर ठरलेले आहेत आणि अवमानाविरुद्ध १९७१ चा कायदा आहे. सराव परक्या, जुन्या किंवा कल्पनेतल्या संघांवर करावा.

सुरुवात युनियन जॅकपासूनच करा, कारण वाटणी कुठं बिघडते ते त्यात उघड दिसतं. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. उंच कागद घ्या. उंचीचे तीस भाग धरायचे, म्हणजे एक भाग एक सेंटिमीटर. मधोमध लाल क्रॉस ६ सें.मी. रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना २-२ सें.मी. पांढरी कड. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं दोन तिरप्या रेघा मारा. या रेघेच्या एका अंगाला ३ सें.मी. पांढरा पट्टा, दुसऱ्या अंगाला आधी २ सें.मी. लाल आणि मग १ सें.मी. पांढरा. एकूण सहा. रुंदी तिरप्या रेघेला काटकोनात मोजायची. इथं हमखास चूक होते. मुलं फूटपट्टी उभी धरून ३ सें.मी. मोजतात आणि पट्टा बारीक येतो. उभं मोजायचंच असेल तर साधारण ३.३५ सें.मी. धरावं लागतं.

रुंद पांढरा पट्टा काठीकडच्या अर्ध्या भागात लालच्या वर येतो आणि फडकत्या अर्ध्या भागात लालच्या खाली. काठीकडची बाजू मानाची, म्हणून तिथं स्कॉटलंड वर आणि आयर्लंड खाली. पलीकडं उलट. १८०१ साली भांडण टाळायला काढलेली ही युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते. पण त्यामुळंच हा ध्वज उलटा लागतो आणि लावणाऱ्याला ते कळत नाही. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात अरुंद पांढरी पट्टी वर दिसली की ध्वज उलटा आहे असं समजावं.

चित्र पुरं झालं की रंगांचं क्षेत्रफळ मोजायला लावा. एकूण १८०० चौ.सें.मी. त्यात इंग्लंडचा लाल क्रॉस ५०४, म्हणजे २८ टक्के. पांढऱ्या कडेसकट ८००, म्हणजे ४४ टक्क्यांवर. शिवाय तो सगळ्यांच्या वरून जातो आणि बाकीच्या दोन्ही फुल्या मधोमध तोडतो. वेल्स शून्य.

हा अनुशेष भरून काढायचे तीन मार्ग हमखास सुचवले जातात.

पहिला, मधोमध वेल्सचा लाल ड्रॅगन. वेल्समधल्या रेक्समचे तेव्हाचे खासदार इयन लुकास यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये ब्रिटिश संसदेत युनियन जॅकमध्ये ड्रॅगन घ्यावा असं सुचवलं होतं. मागणी रास्त आहे, आखणीत मात्र ती अडते. क्रॉसच्या मधला चौकोन ६ बाय ६ भागांचा. लालवर लाल दिसत नाही, म्हणून खाली पांढरं वर्तुळ घ्यावं लागतं. मोटारीवरच्या १०० मि.मी. उंचीच्या ध्वजात हे वर्तुळ जेमतेम २० मि.मी. चं भरेल. त्यात पंख, नख्या, शेपूट भरली की लाल डाग उरतो. आणि ड्रॅगनला तोंड आहे. एका बाजूनं तो काठीकडं बघतो. कापडाला आरपार छापला तर मागून तो बरोबर दिसतो, पण दोन वेगळे तुकडे शिवायचे म्हटलं की एक उलटा कापावा लागतो, आणि तिथं शिंपी फसतो.

तोंड असलेल्या चिन्हाची ही अडचण आपल्याकडंही आली होती. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत तिरंग्याचा ठराव मांडताना नेहरूंनी चरख्याऐवजी चक्र का घेतलं ते सांगितलं. चरख्याचं चाक एका टोकाला आणि चाती दुसऱ्या टोकाला, त्यामुळं ध्वजाच्या दोन बाजूंना तो सारखा दिसत नाही. चोवीस आऱ्यांचं चक्र दोन्हीकडून तेच. दोन आऱ्यांत १५ अंश, कुठूनही बघा. ९०० बाय ६०० मि.मी. च्या तिरंग्यात चक्राचा व्यास १८५ मि.मी. असतो आणि पांढरी पट्टी २०० मि.मी. म्हणजे वर-खाली साडेसात मि.मी. जागा उरते. दोन्ही बाजूंची छपाई एकमेकांवर तंतोतंत बसावी लागते. तिरंग्याचं खादीचं कापड उदगीरला विणतात आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात तिरंगा तयार होतो. ध्वजाची आखणी शिकायची तर आधी तिथली शिवण आणि छपाई बघून यावी.

दुसरा मार्ग, क्रॉसच्या पांढऱ्या कडा पिवळ्या करायच्या, वेल्सचा संत सेंट डेव्हिड याच्या ध्वजातला रंग म्हणून. निळ्याला लागून पिवळं छान उठतं. पण तीच कड पांढऱ्या फुलीला भिडते तिथं ती लांबून गायब होते, कारण पांढरं आणि पिवळं शेजारी आले की डोळा फरक करत नाही. तिसरा मार्ग, आठ निळ्या तुकड्यांपैकी खालचे चार हिरवे करायचे, कारण वेल्सच्या ध्वजाचा खालचा अर्धा भाग हिरवा आहे. दिसायला हा त्यातल्या त्यात बरा, पण वेल्सचा वाटा पूर्ण स्कॉटलंडच्या निळ्यातून निघतो. इंग्लंडचं एक चौरस सेंटिमीटरही कमी होत नाही. जुन्या ध्वजावर ठिगळ लावलं की असंच होतं. शेवटी आलेल्याला उरलेलं मिळतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यांना वाटा द्यायचा तर कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी.

कोऱ्या कागदावर पहिला मोह होतो तो मोजण्याचा. घटक तितके तारे, घटक तितके पट्टे. अमेरिकेनं १३ तारे आणि १३ पट्ट्यांनी सुरुवात केली, १७९५ पासून दोन्ही १५ केले, आणि राज्यं वाढत गेली तर पट्टे धाग्याएवढे होतील हे लक्षात आल्यावर १८१८ च्या कायद्यानं पट्टे पुन्हा १३ वर आणून फक्त तारे वाढवायचे ठरवलं. मलेशियाच्या ध्वजात १४ पट्टे आणि १४ टोकांचा तारा आहे. १९६५ साली सिंगापूर बाहेर पडलं, तरी चौदा तसेच राहिले आणि चौदावा संघ सरकारचा मानला गेला. मोजून काढलेल्या ध्वजाला प्रत्येक फाळणीत आणि प्रत्येक प्रवेशात नवा अर्थ नाहीतर नवं कापड लागतं.

हे मराठवाड्यावरच करून दाखवता येतं. समजा १९५६ साली इथल्या पाच जिल्ह्यांसाठी कुणी पाच ताऱ्यांचा ध्वज काढला असता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. १९८१ ला जालना वेगळा झाला, तारे सहा. १९८२ ला लातूर, सात. १९९९ ला हिंगोली, आठ. चार ध्वज झाले असते आणि जमीन इंचभरही वाढली नसती. शिवाय ज्या परभणीतून हिंगोली निघाला ती परभणी म्हणाली असती, आमचा तारा अर्धा झाला आणि शेजाऱ्यांचा पूर्ण राहिला.

युरोपनं यातून वाट काढली. १९५५ साली युरोपीय परिषदेचा ध्वज ठरत होता तेव्हा सारलंड धरून सदस्य पंधरा होते. सारलंड म्हणजे जर्मनीलगतचा, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश. पंधरा तारे घेतले तर सारलंडला स्वतंत्र तारा मिळतो म्हणून पश्चिम जर्मनी अडून बसला, चौदा घेतले तर सारलंड नाराज, तेराला लोक अपशकुनी मानतात. शेवटी बारा तारे घेतले आणि ते कुणाचेच नाहीत असं ठरलं. हाच ध्वज पुढं युरोपीय संघानं घेतला. आज संघात २७ देश आहेत, तारे बाराच. काढायची पद्धत सोपी आहे. ध्वज २:३, ताऱ्यांच्या वर्तुळाची त्रिज्या उंचीच्या एक तृतीयांश, प्रत्येक तारा ज्या वर्तुळात बसतो त्याची त्रिज्या उंचीच्या अठराव्या भागाइतकी. ४८ सें.मी. उंचीला १६ सें.मी. आणि साधारण २.७ सें.मी. दोन ताऱ्यांत ३० अंश. प्रत्येक ताऱ्याचं एक टोक सरळ वर हवं. मुलं तारे वर्तुळाबरोबर फिरवत नेतात, मग खालचे तारे उलटे लटकतात. वर्तुळाला पहिला-शेवटचा नसतो, ही त्याची मोठी सोय. पण त्यात कुणाला स्वतःची खूणही सापडत नाही. जिथं लोकांना आपला रंग दिसायलाच हवा आहे तिथं हे चालत नाही.

आता खरी कसोटी. संख्या बाजूला ठेवली तरी समान कशाला म्हणायचं? इथं सरावाला आपल्याच इतिहासातला संघ घ्या, १९४८ नंतरचं हैदराबाद राज्य. सोळा जिल्हे. तेलुगू आठ, मराठी पाच, कन्नड तीन. कागद ७२ बाय ४८ सें.मी.

जिल्ह्यांच्या प्रमाणात आडव्या पट्ट्या केल्या तर प्रत्येक जिल्ह्याला ३ सें.मी., म्हणजे तेलंगण २४, मराठवाडा १५, कन्नड भाग ९. गणित चोख, पण नऊ सेंटिमीटरवाला तळाशी गेला की तो किनार वाटतो. भाषांना समान धरलं तर तिघांना १६-१६. तरीही कुणीतरी वर आहे आणि कुणीतरी खाली. आडव्या पट्ट्यांत वर-खाली कधीच सुटत नाही.

म्हणून त्रिकोण. काठीकडच्या दोन कोपऱ्यांतून दोन रेघा काढून आत एका बिंदूत मिळवायच्या, तिथून एक आडवी रेघ फडकत्या कडेपर्यंत न्यायची. तीन भाग पडतात. हा बिंदू कुठं घ्यायचा यावर सगळं अवलंबून आहे. तो बरोबर मध्यावर, ३६ सें.मी. वर घेतला तर त्रिकोण ८६४ चौ.सें.मी. आणि बाकीचे दोन्ही १२९६. टक्क्यांत २५, ३७.५, ३७.५. तो लांबीच्या दोन तृतीयांशावर, ४८ सें.मी. वर घेतला तर तिन्ही भाग ११५२, अगदी समान. २:३ च्या ध्वजात ही खोली ध्वजाच्या उंचीइतकीच येते, त्यामुळं वेगळं मोजायलाही लागत नाही.

पण समान क्षेत्रफळ आलं म्हणून काम संपलं असं समजू नका. कागदाची घडी करून ध्वज वारा पडल्यावर जसा लटकतो तसा धरा. आता काय दिसतं? काठीकडचा भाग, त्यातही वरचा कोपरा. फडकती कड घड्यांत गडप झालेली असते. वाऱ्यात विरते ती कडही तीच. महिना-दोन महिने गच्चीवर राहिलेल्या झेंड्याचं फडकतं टोक झिरमिळ्या झालेलं असतं, आणि ते कापून पुन्हा दुमडलं की त्या बाजूच्या सदस्याचा रंग आणखी कमी होतो. (तिरंग्याला ही दुरुस्ती चालत नाही, फाटलेला तिरंगा लावायचाच नसतो.) म्हणजे काठीकडं ज्याचा रंग आहे त्याला समान क्षेत्रफळावर वर आणखी मान आणि आयुष्य मिळतं.

म्हणून जागा आणि क्षेत्रफळ यांचा हिशेब एकत्र मांडावा. काठीकडची जागा संघातल्या सगळ्यांत लहान सदस्याला द्यावी आणि त्याचं क्षेत्रफळ थोडं कमी ठेवावं. हैदराबादच्या सरावात तो त्रिकोण कन्नड भागाचा, बिंदू मध्यावर. पाव ध्वज, पण सर्वांत मानाचा आणि शेवटपर्यंत टिकणारा. मोठ्यानं फडकती कड घ्यावी, विरणं त्याला परवडतं. १९२० साली चेकोस्लोव्हाकियानं जुन्या पांढऱ्या-लाल ध्वजात काठीकडं निळा त्रिकोण घातला, स्लोव्हाकांची दखल म्हणून. तो आज मध्यापर्यंतच येतो, म्हणजे पाव ध्वज. आखणी म्हणून ती मला उत्तम वाटते. १९९३ ला देश दोन झाले आणि तो ध्वज चेक प्रजासत्ताकानं ठेवून घेतला, ती वेगळी गोष्ट.

लहानाला वरची जागा हा विचार आपल्याकडंही झालेला आहे. १९२१ च्या गांधीजींच्या ध्वजात पांढरा वर, मध्ये हिरवा, खाली लाल असा क्रम होता. पांढरा इतर अल्पसंख्य समाजांचा, हिरवा मुस्लिमांचा, लाल हिंदूंचा. संख्येनं सर्वांत लहान तो सर्वांत वर. तरी तो टिकला नाही, कारण रंग समाजाचा म्हटला की प्रत्येक समाज आपला रंग मागतो. शिखांनी आपला रंग मागितला आणि ती मागणी अगदी बरोबर होती. १९३१ ला सात जणांची समिती नेमली. त्यात पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. हर्डीकर होते आणि आपले काका कालेलकरही. समितीनं सुचवलं, पूर्ण ध्वज एकाच केशरी रंगाचा करा. ते मान्य झालं नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा ठरला आणि या रंगांना जातीय अर्थ नाही असं ठरावातच लिहिलं गेलं. संघाचा ध्वज आखणाऱ्यानं हा ठराव डोळ्यांपुढं ठेवावा. जिथं सदस्य भूप्रदेश आहेत तिथं रंग वाटता येतात. जिथं सदस्य माणसांचे समाज आहेत आणि ते गावागावांत मिसळून राहतात तिथं वाटू नयेत.

आता पुन्हा ब्रिटनकडं. सदस्य चार, आणि आयताच्या कर्णांची एक सोय आहे. कुठल्याही आयताचे दोन कर्ण काढले की पडणारे चारही त्रिकोण क्षेत्रफळानं समान असतात, आयत कितीही लांबुळका असो. ७२ बाय ४८ मध्ये प्रत्येकी ८६४. कर्णांवर पांढरी फुली ठेवली तरी चौघांचं नुकसान सारखंच होतं. फुली ४ सें.मी. रुंद घेतली, रेघेच्या दोन्ही अंगांना २-२, तर प्रत्येक त्रिकोण साधारण ७०० चौ.सें.मी. उरतो आणि फुली ६५८ च्या आसपास. पांढरी फुली जुन्या ध्वजातून येते म्हणून ओळखही टिकते.

काठीकडचा त्रिकोण वेल्सचा, हिरवा. सर्वांत लहान उत्तर आयर्लंड आहे, पण अनुशेष वेल्सचा आहे. वरचा स्कॉटलंडचा, गडद निळा. फडकत्या कडेचा इंग्लंडचा, लाल. खालचा उत्तर आयर्लंडचा, आणि तिथं अडतं. तिथल्या दोन समाजांत हिरवा, लाल, पांढरा या प्रत्येक रंगाला बाजू आहे. आखणाऱ्यानं तो रंग स्वतः ठरवू नये. तिथल्या विधानसभेनं आपल्या बोधचिन्हाला जवसाची सहा निळी फुलं घेतली, कारण ती कुणा एकाची नाहीत. तो फिका निळा घेऊन बघता येईल. पण वरचा गडद निळा आणि खालचा फिका निळा वेगळे दिसतात का हे मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून तपासा. फोटोत दोन रंग एकाच राखाडीत गेले तर लांबूनही ते एकच दिसणार. हिरवा आणि लाल तर या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतात, आणि अनेकांच्या डोळ्यांना त्यांतला फरक तसाही कळत नाही. म्हणून ते एकमेकांना भिडू देऊ नयेत. इथं मध्ये पांढरी फुली आहे, ती हे काम करते.

कागदावर जमलं की मांजरपाटावर शिवून बघा. त्यावाचून आखणी पक्की समजू नये. त्रिकोण कापताना त्यांच्या तिरप्या कडा क्रॉस येतात, म्हणजे धाग्याला तिरप्या, आणि अशी कड हातात धरली तरी ताणते. आधी त्या कडेला कच्चा टाका घालून मग मशीनखाली घ्या, नाहीतर मधोमध फुगा येतो. फुलीच्या पट्ट्या मात्र उभ्या धाग्यातच कापा. सगळ्या शिवणी मध्यात एकत्र आल्या की तिथं गाठ होते आणि सुई मोडते. म्हणून एक पट्टी सलग ठेवून दुसरीचे दोन तुकडे तिला जोडा. फडकती कड दोनदा दुमडून तीन शिलाया घाला.

रंग शिवण्याआधीच तपासायचे. प्रत्येक रंगाच्या कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या मांजरपाटावर दाबून, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. लाल उतरला तर फुली गुलाबी होणार हे आधीच कळतं. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवा आणि पंधरा दिवसांनी दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा. ज्या सदस्याचा रंग सर्वांत जास्त उडाला त्याच्यासाठी दुसऱ्या गिरणीचं कापड आणा, किंवा छटा एक पायरी गडद घ्या. मापाच्या कागदावर त्या छटेचा कापडी तुकडा टाचून ठेवा, नुसतं ‘हिरवा’ लिहून भागत नाही. पुढच्या वेळी शिवणारा वेगळा असेल आणि त्याच्या दुकानात पाच हिरवे असतील.